नात झाली, पाऊस शून्य

इथं अमेरिकेतल्या ओक्लाहोमात हौसेनं पाऊस मोजणाऱ्या मंडळींच्या गप्पा नव्या माणसाला गोंधळात टाकतात. "सकाळी सातला शून्य. रात्री नात झाली, दोघी ठणठणीत. दुपारी नैर्ऋत्येला काहीतरी उठेल असं दिसतंय." एका दमात तीन बातम्या, आणि तिन्ही सारख्याच मोलाच्या. नातीचं कळतं, ढगाचंही कळतं. पण जो पाऊस पडलाच नाही त्याची बातमी कशाला द्यायची?

त्या शून्याबद्दलच सातारा-सांगलीच्या मंडळींशी बोलायचं आहे, कारण आपल्याकडं नेमकं तेच राहून जातं. वहीत जागा कोरी राहिली की तिचे दोन अर्थ निघतात. एक तर पाऊस झाला नाही, नाही तर मोजणारा भाचीच्या लग्नाला गेला होता. महिन्याची बेरीज करायला बसलं की या दोन अर्थांतला फरक सगळं गणित बिघडवतो. म्हणून इथं कोरडा दिवसही लिहितात. गावाला जाऊन आलेला माणूस डब्यात साठलेलं पाणी एकाच दिवसाच्या नावावर टाकत नाही, 'चार दिवसांचं मिळून' अशी वेगळी नोंद करतो. 'झीरो' आणि 'हिरो' यांचं यमक जुळवून त्यांनी घोषवाक्यच केलंय की शून्य लिहिणारा तोच खरा हिरो. मला ते मनापासून पटलं.

या कामाचं जाळं कोलोरॅडोत १९९८ साली सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी, २८ जुलै १९९७ ला, फोर्ट कॉलिन्स गावात पूर आला होता. गावाच्या एका टोकाला चौदा इंचांहून जास्त पाऊस झाला, दुसऱ्या टोकाला दोन इंचांच्या आसपास, आणि मधलं काय ते कुणालाच वेळेवर कळलं नाही. कम्युनिटी कोलॅबोरेटिव्ह रेन, हेल अँड स्नो नेटवर्क असं त्या जाळ्याचं लांबलचक नाव आहे. त्यांचं पर्जन्यमापक चार इंची तोंडाचं असतं. आतल्या नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या एक दशांश, त्यामुळं पाणी दहापट उंच चढतं आणि इंचाचा शंभरावा भागसुद्धा डोळ्यांनी वाचता येतो. नळीत एक इंच मावतो, वरचं पाणी बाहेरच्या नळकांड्यात उतरतं. सगळं मिळून अकरा इंच, म्हणजे २७९ मिलिमीटर.

आता आपलं बघा. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून २३ जुलैच्या सकाळपर्यंत महाबळेश्वरात ५९४.४ मिलिमीटर पाऊस पडला. इथला डबा दोनदा काठोकाठ भरून वर वाहिला असता. हा आकडा इथल्या लोकांना सांगितला की ते आधी इंचांत करून मागतात, मग गप्प होतात.

आणि हे वेड आपल्याकडं नाही असं कुणी म्हणू नये. ऑगस्टात सांगलीत "आयर्विन किती?", म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर, हा प्रश्न खुशालीच्या आधी येतो. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं, त्या पुरात जन्मलेल्या लेकराची ओळख अजून तशीच करून देतात. इथंही १९९९ च्या ३ मेला झालेल्या मुलांचं तसंच आहे. त्या संध्याकाळी ब्रिज क्रीक-मूर भागातल्या टोर्नेडोत रडारनं ताशी ४८० किलोमीटरहून जास्त वारा मोजला होता. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, मृगाचं वाहन काय, पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती, एवढी भाषा यांच्याकडं नाही. आपल्या आजोबांना ढगाचा रंग बघून जे कळायचं ते काही कमी नव्हतं. फक्त त्यांचा आकडा कुठं उतरला नाही. महाबळेश्वरपासून दहिवडी शंभर किलोमीटरच्या आत, आणि पावसाचा फरक दहापटीच्या घरातला. एवढा फरक एवढ्या थोड्या अंतरात मोजायला मिळणं हे इथल्या सपाट मुलखाच्या नशिबात नाही. मोजण्यासारखं खरं तर आपल्याकडंच आहे.

तर डबा कसा करायचा ते सांगतो. उभ्या, पातळ काठाचं नरसाळं घ्या. तोंडाचा आतला व्यास ११.३ सेंटिमीटर मिळाला तर उत्तम, कारण त्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं आणि १० मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १ मिलिमीटर पाऊस होतो. तेवढं नेमकं मिळालं नाही तर अडत नाही. आतल्या व्यासाला (सेंटिमीटरमध्ये) त्याच व्यासानं गुणा, आलेल्या आकड्याला ०.७८५ नं गुणा, ते झालं क्षेत्रफळ. मिलिलिटरला दहानं गुणून त्यानं भागा. १५ सेंटिमीटरच्या नरसाळ्याचं क्षेत्रफळ १७७ येतं, त्यात ३५४ मिलिलिटर जमले की पाऊस २० मिलिमीटर. व्यास अंदाजानं धरू नका. ११.३ च्या जागी १२ चं नरसाळं असेल तर प्रत्येक आकडा तेरा टक्क्यांनी फुगतो, आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

खाली अरुंद तोंडाचा कॅन ठेवा. जत, आटपाडी, माणला दोन लिटरचा पुरतो. सातारा शहरात पाच लिटरचा बरा. नवजा-महाबळेश्वरकडं दहा लिटरचाच घ्या, कारण वर सांगितलेल्या दिवशी ११.३ च्या नरसाळ्याखाली सहा लिटरला जेमतेम कमी पाणी साठलं असतं. मोजायला औषधाच्या दुकानातली २० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज, नाही तर औषधाचं मोजपात्र. कोल्ड्रिंकची बाटली कापून पट्टी चिकटवायची पद्धत मात्र सोडा. बुडाशी फुगवटे असतात, पहिले दोन-तीन सेंटिमीटर खोटे निघतात. करायचीच असेल तर बूड बारीक खडी आणि सिमेंटनं सरळ भागापर्यंत भरून घ्या आणि शून्य तिथून धरा.

जागा सगळ्यात अवघड. तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर आणि अगदी सपाट, पाणसळ लावून बघा. झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या दुप्पट तरी लांब. आठ मीटरच्या नारळापासून सोळा मीटर. पत्र्याच्या शेडजवळ ठेवलं तर उडालेलं पाणी मोजलं जातं, शहाबादी फरशीवर ठेवलं तर खालून शिंतोडे येतात. गच्चीवर वारा थेंब उडवून नेतो आणि आकडा कमी येतो. अंगणच नसेल तर गच्ची चालेल, पण कठड्याच्या उंचीच्या दुप्पट आत ठेवा आणि वहीत 'गच्ची' असं लिहून ठेवा. कडुलिंबाचं एक पान नरसाळ्यात अडकलं तरी नोंद गेली, म्हणून रोज बघायचं, कोरड्या दिवशी तर नक्कीच. मे महिन्यात उन्हात कॅन तापतो आणि पाणी उडतं. वळीव झाला की त्याच संध्याकाळी मोजून वहीत लिहा, पाणी ओता, आणि सकाळच्या आकड्यात तेवढं मिळवा.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. भारतीय हवामान विभागाची तीच आहे, आणि काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लागतो. घरातले प्रसंग इथं फसवतात. २१ मेच्या संध्याकाळच्या लग्नात मांडव भिजला, तर आकडा २२ मेला दिसणार. पुढं कुणी २१ तारीख उघडून बघेल आणि म्हणेल, पाऊस तर नव्हताच. म्हणून प्रसंगाच्या ओळीत वेळही लिहा: 'लग्न, संध्याकाळी ७, वळीव २५ मिनिटं, आकडा उद्याच्या तारखेत'. बारसं, वास्तुशांत, मुलीचा दहावीचा निकाल, सगळं असंच. वही पेन्सिलीनं लिहा, शाई भिजली की पसरते.

आता वादळाच्या आनंदाचं. इथं मे महिन्यात सकाळपासूनच चेहऱ्यांवर कळतं. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट वारा, पश्चिमेकडून कोरडा, आणि वर उबदार हवेचं झाकण. ते झाकण दुपारी फुटलं तर ढग तासाभरात आकाशाला भिडतो. गप्पा रंगतात, पण एक शिस्त पाळली जाते. आधी वेळ, ठिकाण, दिशा, काय दिसलं, मोजलं की अंदाज केला, उद्गार त्याच्यानंतर. ढग वस्तीवर गेला की 'भारी' हा शब्द बंद होतो. आपल्याकडं ही शिस्त जास्त गरजेची आहे. एप्रिलमध्ये साताऱ्यात ढग बघून जो आनंद होतो, त्याच वेळी तासगावात बेदाणा शेडवर पडलेला असतो. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणातून काढून जाळीवर पसरलेला माल सुकायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि मधल्या एका सरीनं तो काळा पडतो.

आणि कृपा करून प्रत्येक जोराच्या सरीला ढगफुटी म्हणू नका. हे मला इथं बसून फार लागतं, कारण असे निरोप रोज येतात आणि इथल्या लोकांना काय दाखवायचं कळत नाही. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरवर तासाभरात १०० मिलिमीटर झाला तर ढगफुटी. २० मिनिटांत ४० मिलिमीटर ही भयंकर सर आहे, ओढ्याला लोंढा आणेल, पूलही तोडू शकेल. पण ती ढगफुटी नाही. चोवीस तासांत ६४.५ च्या पुढं जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार, एवढे तीन आकडे पाठ केले तरी पुरे. सर कधी सुरू झाली आणि कधी थांबली ते लिहा. एका गुंठ्यावर २५ मिलिमीटर म्हणजे अडीच हजार लिटर पाणी. शेतकऱ्याला 'ढगफुटी' या शब्दापेक्षा हा हिशेब कामाचा.

गारेचंही तसंच. इथं गोटीएवढी म्हटलेलं चालत नाही, कारण गोट्या सगळ्या आकाराच्या असतात. आपलं 'लिंबाएवढी' तसंच आहे. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते शेजारी ठेवून फोटो काढा, गार वितळायच्या आत. द्राक्षबागेत एक फूट चौरस, इंचभर जाडीचा थर्माकोल जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइलनं गुंडाळून आडवा ठेवला तर गारांचे खड्डे मोजता येतात: किती पडल्या, केवढ्या, वारा कुठून होता. नरसाळ्यातून गार उसळून बाहेर जाते, तेव्हा त्या दिवसाच्या आकड्यापुढं 'गार' लिहा. आत अडकलेली वितळवायची तर मोजून कोमट पाणी घाला आणि तेवढं वजा करा.

शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं डब्याकडं जायचं नाही, आकडा पळून जात नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा. इथं ओक्लाहोमा सिटीत दर शनिवारी दुपारी बाराला भोंगे वाजवून बघतात, आणि त्या दिवशी आभाळ खरंच बिघडलेलं असेल तर चाचणी रद्द करतात, म्हणजे खरा भोंगा कुणी चाचणी समजू नये. ही काळजी मला फार आवडली.

मृग ७ जूनच्या आसपास निघतो, त्याआधी डबा लावून आठवडाभर शून्यं लिहायची सवय करा. तिथं साडेआठला कॅन उचलला की इथं आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात, जागाच असतो. फोन केला की आकडा आधी सांगा, मग बारशाचं. शून्य असला तरी.