कच्चं मडकं

सप्टेंबरात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात सडलं, त्या दिवसापासून मी देवापुढं हात जोडले नव्हते. तुझं मी का ऐकू, असं त्याला तोंडावर बोललो होतो. आई एकटीच दिवा लावायची.

आज तिच्या हट्टापायी तेरला गेलो, गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या समाधीला. तिथं बसल्यावर लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवली. काकांनी मडकी ठोकून बघायचं थापटणं घेतलं आणि जमलेल्या एकेका संताच्या डोक्यावर मारत गेले. सगळे गप्प राहिले. नामदेव तेवढे चिडले, आणि काकांनी सांगून टाकलं, हे मडकं कच्चं आहे. साक्षात विठ्ठल ज्यांच्याशी बोलायचा, ते नामदेव! मग नामदेवांनी औंढ्याला जाऊन विसोबा खेचरांना गुरू मानून त्यांचे पाय धरले.

आजवर मला नामदेवांचा रागच खरा वाटायचा. उगाच मार का सोसायचा? आज कळलं, रागावणं सोपं होतं, नंतरचं वाकणं अवघड.

पीक गेल्याचं दुःख आहेच. पण पाऊससुद्धा माझ्या मर्जीनं पडावा, हा हट्ट माझाच होता. पायरीवर डोकं टेकलं तेव्हा काही मागावंसं वाटलं नाही. खूप रडलो.

आईनं काही विचारलं नाही. "चल बाबा, दिवेलागणीच्या आत घर गाठू," एवढंच म्हणाली.

आज दिवा मी लावला.