आमची वाटचाल : सातपूरचा काळा डबा

२००८ साली पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बनवणं थांबवलं आणि आमचं नशीब उघडलं. तोवर आम्ही कॉलेजांच्या लॅबमधले ओव्हन, वॉटर बाथ, पॉवर पॅक दुरुस्त करत फिरायचो. लॅबमध्ये डीएनए किंवा प्रोटीन जेलीसारख्या थरात, म्हणजे जेलमध्ये, विजेवर सरकवून वेगळं करतात; त्याचे जे पट्टे दिसतात ते बँड. तेव्हा त्या जेलचा फोटो म्हणजे डार्करूम, ट्रान्सइल्युमिनेटर (खालून अतिनील म्हणजे यूव्ही किरण टाकणारी पेटी), त्यावर हूड आणि वर पोलरॉइड. फिल्मची शेवटची पाकिटं लोक फ्रिजमध्ये जपून वापरत होते. ती संपल्यावर एकतर परदेशी जेल डॉक, म्हणजे जेलचा फोटो काढणारं बंद डब्यातलं मशीन, घ्यायचा, नाहीतर साधा डिजिटल कॅमेरा स्टँडला बांधायचा. मधलं काहीच मिळत नव्हतं. ते आम्ही बनवायला घेतलं.

मामांशिवाय हे जमलं नसतं. मामा नात्याने माझे कोणी नाहीत, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारे कारागीर. सगळी लाइन त्यांना मामाच म्हणते. भागीदारीत भांडवल माझं, बेंडिंग मशीन त्यांचं. जेल डॉकचं कॅबिनेट म्हणजे काय, पत्र्याची पेटीच की, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. फिकट बँडसाठी कॅमेरा कितीतरी सेकंद उघडा राहतो. दाराच्या फटीतून खोलीतला उजेड जरा जरी आत शिरला, तरी बॅकग्राउंड चढतं आणि तो बँड गेलाच. मामा दाराच्या कडेला दुहेरी दुमड द्यायचे, कोपरे गुण्याने तपासायचे. मग आत बल्ब पेटवून शेडचे दिवे मालवायचे आणि कॅबिनेटभोवती फिरत उजेडाची रेघ शोधायचे. दिसली की खडूची खूण, पुन्हा कानस. आतून मॅट काळा पावडर कोट. चारदा बजावूनही कोटिंगवाला ग्लॉसी मारून आणायचा, आणि मामा तो पत्रा त्याच्या दारात नेऊन टाकायचे.

पहिलं मशीन घेतलं नाशिकमधल्याच एका कॉलेजातल्या बायोटेकच्या मॅडमनी. त्यांचं काम द्राक्षावर. द्राक्षाच्या पानात पॉलिफिनॉल इतकं, की डीएनए तपकिरी आणि चिकट निघतो, आणि जेलवर बँडऐवजी स्मिअर, म्हणजे नुसता फराटा. आमचा फोटो बघून म्हणाल्या, ‘‘छान दिसतोय हो, पण मला आकडा हवाय.’’ त्यांनी एकच डीएनए दरवेळी निम्मा करत शेजारशेजारच्या लेनमध्ये लोड केला. आकडेही निम्मे-निम्मे यायला हवेत. ८ बिट कॅमेऱ्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. जाड बँड शेवटच्या पायरीवर पोचला, की त्याच्याहून दुप्पट जाड बँडही तिथेच अडकतो. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या. तेव्हापासून आमच्याकडे थंड केलेला सीसीडी (कॅमेऱ्यातला सेन्सर), १६ बिट, आणि सॅच्युरेट झालेला पिक्सेल पडद्यावर लाल. मॅडमचं ते जेल हीच आमची इन्स्टॉलेशन टेस्ट झाली. आजही ते चालवल्याशिवाय रिपोर्टवर सही घेत नाही.

पुढची काही वर्षं मशीन जात होती, पैसे येत होते. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

२०१३ मात्र लिहावंच लागेल. आमच्याकडे सर्व्हिसिंग शिकलेल्या एका मुलाने नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत गाळा घेतला. फिल्टरची काच कुठून येते, कॅमेरा कुठून येतो, दर काय लावतो, सगळं त्याला पाठ. एका मोठ्या संस्थेच्या टेंडरला तो आमच्यासमोर उभा राहिला. डेमोला एकच जेल दोन्ही मशीनमध्ये ठेवलं. त्याच्या पडद्यावर काळंकुट्ट बॅकग्राउंड आणि चमचमणारे बँड. आमच्याकडे करडं बॅकग्राउंड, बँड मवाळ. त्याचं सॉफ्टवेअर ऑटो कॉन्ट्रास्टने खालचे करडे टोन कापून टाकत होतं, म्हणजे फिकट बँडही गायब. मी म्हटलं, मॅडमचं ते निम्म्या-निम्म्याचं, डायल्युशनचं जेल लावा. समितीचे साहेब म्हणाले, वेळ नाही. मी म्हटलं, दार उघडल्यावर याची यूव्ही बंदच होत नाही, मायक्रोस्विचच नाही, उद्या कोणाचे डोळे भाजतील. समितीला ती आमची पोटदुखी वाटली. एल-१, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, तोच होता. ऑर्डर त्याला मिळाली, वर पेपरात तरुण उद्योजक म्हणून फोटो.

त्याच उन्हाळ्यात डॉलर उसळला. मे महिन्यात ५५ च्या आसपास होता, २८ ऑगस्टला ६८ च्या वर. कॅमेरे डॉलरमध्ये यायचे, आणि हातातल्या ऑर्डरींचे दर रुपयात बांधलेले. प्रत्येक मशीन तोट्यात बाहेर पडत होतं. बँकेची कॅश क्रेडिट लिमिट संपली. मामांनी कॅबिनेटचं बिलच पाठवणं बंद केलं. विचारलं तर म्हणायचे, ‘‘दिवाळीनंतर बघू.’’ कुठली दिवाळी ते सांगितलं नाही. मॅडमनी बियाणे कंपन्यांत नोकरीला लागलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना फोन लावले. खासगी कंपन्या ॲडव्हान्स देतात. त्यावर आम्ही तरलो.

हे वाचणारे बहुतेक लॅबवालेच असणार, म्हणून न विचारता सांगतो. ट्रान्सइल्युमिनेटरच्या काचेवर ब्लेडने जेल कापू नका. ती साधी काच नाही; दिसणारा उजेड अडवून यूव्ही तेवढी सोडणारा फिल्टर आहे, आणि मशीनमधला महागातला भाग. वापरून वापरून तो मंदावतोच, बँड फिका आला की आधी एथिडियमला (डीएनए चमकवणाऱ्या डायला) दोष देऊ नका. ट्यूब बदलायच्या तर सगळ्या एकदम बदला, नाहीतर जेलची एक बाजू उजळ दिसेल. क्लोनिंगसाठी बँड कापायचा असेल तर ३६५ नॅनोमीटर वापरा. २५४ वर डीएनएची वाट लागते. जमलं तर ब्लू लाइट आणि त्याला चालणारा डाय घ्या, डोळेही वाचतात. कोमॅसी या निळ्या डायने रंगवलेल्या प्रोटीन जेलला मात्र पांढराच उजेड लागतो. आणि कोणतंही मशीन घेण्याआधी, आमचंसुद्धा, डायल्युशनचं जेल लावून बघा. वेळ नाही म्हणणारा साहेब तेवढा बाहेर बसवा.

अंबडच्या त्या मशीनची काच बदलून द्याल का, असे फोन आता आम्हाला येतात. बदलून देतो. दाराला मायक्रोस्विचही बसवतो, त्याचं बिल वेगळं.