डोळ्यांखालची सूज आणि लॅबच्या चुकीत गेलेले बारा दिवस : माझा अनुभव

मी नाशिकच्या सिडकोतल्या एका पतसंस्थेत कॅश काउंटरला असते. दिवसभर समोर माणसं, आणि गेली दोन वर्षं रोज एक तरी खातेदार म्हणणारच, "काय ताई, झोप नाही झाली का?" झोप झालेली असते हो! साडेदहाला आडवी होते, साडेपाचला उठते. पण डोळ्यांखाली अशा पिशव्या आल्या होत्या की बघणाऱ्याला वाटावं ही आजारी तरी आहे नाहीतर रडून आलीय. सकाळी जास्त, दुपारपर्यंत जरा उतरायच्या, पण पूर्ण जायच्या नाहीत. वय ४२.

काकडीच्या चकत्या, बटाट्याचा रस, फ्रीजमधले चमचे सगळं करून झालं, त्याबद्दल खाली लिहिते. पण आधी लॅबचं सांगते, कारण तो राग अजून गेलेला नाही.

फॅमिली डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी क्रीम वगैरे काही लिहून दिलं नाही, आधी नुसते प्रश्न. पाय सुजतात का, अंगठी घट्ट होते का, लघवीला फेस येतो का, वजन वाढलंय का, थंडी जास्त वाजते का, शिंका येतात का. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का तेही बघितलं. म्हणाले बहुतेक आईकडून आलेलं असणार, पण थायरॉईड कमी असला तरी डोळे आणि चेहरा सुजतो, आणि किडनीतून प्रोटीन जात असेल तर सकाळी उठल्यावर सूज बऱ्याचदा आधी डोळ्यांभोवतीच दिसते. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ आणि तिच्याखालचा भाग सैल, म्हणून पाणी तिथे पटकन साठतं. टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), उपाशीपोटी शुगर आणि युरीन रुटीन (लघवीची साधी तपासणी), एवढ्या चारच तपासण्या लिहून दिल्या.

मंगळवारी सकाळी साडेसातला लॅबच्या कलेक्शन सेंटरला गेले. रक्त पाच मिनिटांत घेऊन झालं. लघवीची बाटली घरून भरून आणली होती, तिथला मुलगा म्हणाला ठेवा तिकडे ट्रेमध्ये. ट्रेमध्ये आधीच चार-पाच बाटल्या, सगळ्या सारख्या, पांढऱ्या झाकणाच्या. मी त्यातच ठेवली. त्याने दोन-तीन जणांची लेबलं एकदम प्रिंट केली आणि मग एकेक चिकटवत गेला, तेही बाटलीवर नाही, झाकणावर. हे मी समोर उभी राहून बघितलं आणि तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

बुधवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट आला. टीएसएच नॉर्मल, क्रिएटिनिन नॉर्मल, शुगर ९२, तीही नॉर्मल. आणि युरीनमध्ये प्रोटीन तीन प्लस, ग्लुकोज दोन प्लस, ठळक अक्षरात. मी पोळ्या लाटत होते. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तेव्हा गॅस बंद केला आणि खुर्चीत बसून राहिले. माझ्या मावशीचं डायलिसिस मी जवळून बघितलंय, तिला घेऊन जायचं, चार तास बाहेर बाकावर बसायचं, परत आणायचं. ती रात्र कशी काढली ते माझं मलाच माहीत.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पहिलं वाक्य काय तर "हे जुळत नाही." रक्तात साखर ९२ आणि लघवीत दोन प्लस, कशी काय? शुगरच्या काही गोळ्यांनी लघवीतून साखर जाते, तसलं काही घेता का विचारलं, मी तर कुठलीच गोळी घेत नाही. म्हणाले पुन्हा करा, दुसरीकडे करा. आणि नेमकी त्याच दिवशी माझी पाळी आली. पाळीत रक्त मिसळून रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, त्यामुळे संपल्यावर दोन दिवस जाऊ द्या म्हणाले. म्हणजे एक अख्खा आठवडा प्रोटीन तीन प्लस डोक्यात घेऊन नोटा मोजायच्या.

म्हटलं तोवर लॅबला तरी विचारू. गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, रिपोर्ट मशीनमधून येतो, त्यात चूक होत नाही." मी म्हटलं मशीनबद्दल मी बोलतच नाहीये, लेबल झाकणावर लावलं होतं, झाकणं बदलली असतील तर मशीन काय करणार? तर म्हणे सॅम्पल आता टाकून दिलं, काही चेक होणार नाही. शुक्रवारी परत गेले, आता सांगतात पॅथॉलॉजिस्ट मॅडम मेन लॅबला बसतात, तिकडे फोन करा. मेन लॅबला फोन केला, ते म्हणतात कलेक्शन सेंटरला विचारा, सॅम्पल त्यांनी घेतलंय. शनिवारी दिवसभर फोन कोणी उचलला नाही. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून तिसऱ्यांदा गेले, तेव्हा त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला, पुन्हा तपासणीचा. त्यात कारणाच्या रकान्यात आधीच छापलेलं होतं "पेशंटच्या विनंतीवरून", आणि खाली दीडशे रुपये. मी म्हटलं विनंती कसली, लेबलची चूक असं लिहा, मी लगेच सही करते. ते लिहायला तयार नाहीत आणि मी सही करायला तयार नाही. मागे रांग लागली, एक काका म्हणाले "अहो ताई, दीडशे रुपयांसाठी कशाला." दीडशेचा प्रश्नच नव्हता हो. मी रोज लाखांची कॅश मोजते, संध्याकाळी दहा रुपये कमी आले तरी ते सापडेपर्यंत आमच्याकडे कोणी घरी जात नाही. आणि इथे माणसाची किडनी खराब आहे की नाही एवढी गोष्ट, आणि कोणाला शोधायचंच नाही? फॉर्म तसाच कोरा पर्समध्ये टाकून बाहेर पडले.

त्या रात्री मिस्टरांशी बोलता बोलता एकदम लक्षात आलं. ती बाटली माझी नसेल तर कोणाची तरी आहेच ना. ज्याच्या लघवीतून तीन प्लस प्रोटीन जातंय तो माणूस नाशकातच कुठेतरी माझा स्वच्छ रिपोर्ट हातात घेऊन बसलाय आणि त्याला वाटतंय आपलं सगळं नीट आहे. यानंतर मला स्वतःच्या काळजीपेक्षा त्याचीच जास्त वाटायला लागली.

पुढच्या गुरुवारी कॉलेज रोडच्या बाजूच्या दुसऱ्या लॅबमध्ये गेले. तिथल्या मुलीने मला नाव आणि वय मोठ्याने सांगायला लावलं, लेबल बाटलीच्या अंगावर चिकटवलं आणि मलाच वाचायला दाखवलं. शुक्रवारी रिपोर्ट : प्रोटीन निल, ग्लुकोज निल. डॉक्टरांनी सोबत अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो पण सांगितला होता, लघवीतून थोडंसं प्रोटीन जात असलं तरी त्यात कळतं, तो ३० च्या आत असावा लागतो, माझा बराच खाली. गंगापूर रोडला गाडी बाजूला लावून पोटभर रडले आणि मग आईला फोन केला.

शनिवारी दोन्ही रिपोर्ट आणि तो कोरा फॉर्म घेऊन थेट मेन लॅब. पावणेदोन तास बसवलं. पण पॅथॉलॉजिस्ट मॅडम भेटल्या तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, हे सांगायलाच पाहिजे. कॉम्प्युटरवर त्या सकाळच्या एंट्र्या काढल्या. माझ्याआधी तीन मिनिटांनी एक साठीपुढचे गृहस्थ, बरीच वर्षं डायबेटिस, आणि त्यांची युरीन एकदम क्लीन. मॅडम थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मला नाव सांगितलं नाही, सांगायला नकोच होतं, पण माझ्यासमोर फोन लावला, "काका, उद्या सकाळी पुन्हा सॅम्पल द्यायला या, पैसे लागणार नाहीत, आणि तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या." तेवढं ऐकलं आणि निघाले. पंधरा दिवसांनी मुद्दाम कलेक्शन सेंटरला डोकावून आले, लेबलं बाटलीवर लावत होते.

तर आता मूळ विषय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, पापण्यांची सर्जरी करणाऱ्या, नंतर गेले आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. त्यांनी हनुवटी न हलवता वर बघायला सांगितलं, आरसा दिला. वर बघितल्यावर फुगवटा अजून पुढे आला. म्हणाले ही चरबी आहे. डोळ्याभोवती गादीसारखी चरबी सगळ्यांनाच असते, तिला पुढून एक पातळ पडदा धरून ठेवतो, वयाने किंवा घराण्यामुळे तो सैल पडला की चरबी पुढे डोकावते. घरी येऊन आईचा पंचेचाळिशीतला फोटो काढला, कोणाच्या तरी लग्नातला, अगदी हेच डोळे. फुगवट्याखाली जी खळ पडते तिच्या सावलीने भाग काळा दिसतो, ते खरे डार्क सर्कल नसतातच, त्यामुळे मी महागडं क्रीम लावून काय होणार होतं? चरबी क्रीमने आत जात नाही. कॅफिनवाल्या क्रीमने थोडे तास जरा आवळल्यासारखं वाटतं, तेवढंच.

पण सकाळी जास्त आणि दुपारी कमी होणारा जो भाग होता ते पाणी, आणि तो माझ्या हातात होता. मीठ! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. आमच्याकडे रात्री वरण-भातावर पापड पाहिजेच, रविवारी मिसळ, चहाबरोबर चिवडा. रात्रीचा पापड आणि लोणचं बंद केलं, मिसळ सकाळीच खाते, महिन्यातून एकदा. दोन आठवड्यांत सकाळचा फरक दिसला. दुसरं, डोकं उंच ठेवून झोपायचं, एक जादा उशी, नाहीतर पलंगाची डोक्याकडची बाजू उचलायची, मान दुखत असेल तर दुसरं बरं. थंड चमचे, काकडी यांनी खरंच तात्पुरती सूज उतरते पण ते काम थंडपणाचं, काकडीचं नाही, ओला रुमाल फ्रीजमध्ये ठेवला तरी चालतो. बटाट्याचा रस मला चरचरला.

हो, आणि अॅलर्जी राहिलीच. जुन्या नोटांची धूळ, तोच हात डोळ्याला, शिंका, आणि डोळे चोळायची सवय. चोळून चोळून सूज वाढते आणि कातडी काळवंडते. डॉक्टरांनी अॅलर्जीची गोळी आणि ड्रॉप्स दिले, काउंटरवर आता ओल्या स्पंजचा डबा आणि रुमाल असतो, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावत नाही. केसांच्या डायनेही पापण्या सुजू शकतात, आमच्या शेजारच्या काकूंना तसंच निघालं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मैत्रिणीने मेडिकलमधून कोणाच्या चिठ्ठीशिवाय एक गोरं करायचं क्रीम आणून दिलं होतं, मी चार दिवस लावलंही. डॉक्टरांनी ट्यूब बघून सांगितलं यात स्टिरॉइड आहे, डोळ्याजवळ बरेच दिवस लावलं तर कातडी पातळ होते, डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदूही होऊ शकतो. त्याच दिवशी फेकलं.

फिलरचंही विचारलं मी. इंजेक्शनने जेलसारखं काहीतरी खळीत भरतात, काहींना छान दिसतं, पण ज्यांना मुळात पाणी साठतं त्यांची सूज वाढू शकते, निळसर झाक येऊ शकते, आणि क्वचित रक्तवाहिनीत गेलं तर नजरेलाही धोका. कायमचा उपाय सर्जरीचाच, खालच्या पापणीच्या आतून छेद घेऊन चरबी काढतात किंवा खळीत सरकवतात, बाहेर टाका दिसत नाही, सूज आणि काळंनिळं उतरायला साधारण दोन आठवडे. मी सध्या नाही म्हटलंय. पाणी उतरल्यावर जे उरलंय ते आईचं आहे आणि मला चालतंय. कोणाला नसेल चालत तर जरूर करावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सूज एकाच डोळ्याला असेल, दुखत असेल, लाल असेल, नजर बदलली असेल किंवा डोळा बाहेर आल्यासारखा वाटत असेल तर मात्र घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अजून एक आठवलं. डॉक्टरकडे जायच्या आधी आठवडाभर एकाच खिडकीसमोर सकाळी उठल्या उठल्या आणि दुपारी एकला फोटो काढा, फ्लॅश न लावता, आणि आदल्या रात्री काय जेवलात ते खाली लिहा. मी काढले होते, सुट्टी नसेल तेव्हा दुपारचा पतसंस्थेच्या जिन्यातल्या खिडकीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ तेच फोटो बघितले, आणि सोमवारची सकाळ बघून विचारलं, "रविवारी काय खाल्लं होतं?"