ऐकत नाहीत

ऑक्टोबर २०२१. उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीतली खोली. दोन खुर्च्या दोन मीटरांवर, खिडकी सताड उघडी, खाली कुठलंसं खोदकाम चाललेलं आणि आम्हा दोघांच्याही तोंडाला मास्क. समोरचे चेस्ट फिजिशियन माझ्याहून बरेच मोठे, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे. इथे सगळे एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात. पण मिरजेहून आले तेव्हा पहिली नोकरी त्यांच्याच हाताखाली केलेली, त्यामुळे माझ्या तोंडचं ‘सर’ काही सुटलं नाही. त्या दिवशी मात्र मी त्यांची अप्रेझर होते, म्हणजे त्यांच्या वर्षभराच्या कामाचा आढावा घेणारी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

ब्रिटनमध्ये डॉक्टरला नुसतं रजिस्ट्रेशन असून भागत नाही, लायसन्स लागतं. ते टिकवायचं तर दरवर्षी अप्रेझल, म्हणजे हा आढावा, आणि पाच वर्षांतून एकदा रिव्हॅलिडेशन, म्हणजे लायसन्स पुढे चालू ठेवायला मान्यता. अप्रेझर पास-नापास ठरवत नाही. फाइल वाचायची, दोन-तीन तास बोलायचं, गोषवारा लिहायचा. पुढे हॉस्पिटलचा रिस्पॉन्सिबल ऑफिसर, म्हणजे या कामासाठी नेमलेला वरिष्ठ डॉक्टर, लायसन्स देणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलला शिफारस करतो. कोल्हापूरचा माझा वर्गमित्र याला हसतो. त्याला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांत परिषदा-व्याख्यानांना हजेरी लावून मिळवलेले ३० क्रेडिट पॉइंट दाखवले की झालं. ‘तुमच्याकडे भलताच जाच आहे,’ म्हणतो.

या जाचात माझाही हात आहे. रिव्हॅलिडेशन सुरू झालं ३ डिसेंबर २०१२ला, पण त्याची चर्चा कितीतरी आधीची. मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, हॅरल्ड शिपमन जानेवारी २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनांबद्दल दोषी ठरला. पुढे चौकशीत २१५ बळींची खात्री पटली. ही चौकशी करणाऱ्या न्यायाधीश डेम जॅनेट स्मिथ यांनी २००४ साली कौन्सिलची त्या वेळची योजना इतकी फाडली, की २००५ मध्ये सुरू व्हायची ती बारगळली आणि नव्याने बांधावी लागली. गंमत अशी, की शिपमन रुग्णांमध्ये फार लोकप्रिय होता. आजच्या पेशंट फीडबॅकमध्ये त्याला भरघोस गुण पडले असते, असं मला अजूनही वाटतं.

२०१२मध्ये आमच्या हॉस्पिटलचे फॉर्म बनवणाऱ्या समितीत मी होते. ज्येष्ठ कन्सल्टंट तेव्हा धुसफुसत होते. तीस वर्षं काम केल्यावर आता आमची परीक्षा घेणार? त्यांना फार डिवचू नये म्हणून प्रकृतीचं पान छोटं ठेवायचं ठरलं. ‘कामावर परिणाम होईल अशी प्रकृतीची काही तक्रार नाही.’ समोर एक चौकोन. ते वाक्य मीच सुचवलं होतं.

सरांनी त्यात बरोबरची खूण केली होती. दरवर्षीसारखी.

बाकी फाइलही जिथल्या तिथे. ३४ रुग्णांचे अभिप्राय: ‘वेळ देतात’, ‘समजावून सांगतात’. सहकाऱ्यांचे १५, निनावी. बहुतेक चांगले, पण तिघांनी जवळजवळ एकच गोष्ट लिहिलेली. राउंडवर आमचं ऐकत नाहीत. सिस्टर काही सांगत असते आणि हे पुढच्या बेडकडे चालू लागतात. एकाने तर ‘अलीकडे उर्मटपणा वाढला आहे’ असंच लिहिलं होतं. ज्यांनी आपल्याला स्टेथोस्कोप कसा धरायचा ते शिकवलं, त्यांना उर्मटपणाबद्दल कसं विचारायचं? आदली रात्र त्यातच गेली.

मी आडवळणानं सुरुवात केली. ‘सहकाऱ्यांच्या अभिप्रायात तुम्हाला काही खटकलं का?’

ते म्हणाले, ‘हो, नवीन ब्रॉन्कोस्कोप मार्चमध्ये येतोय.’ म्हणजे श्वासनलिकेत घालायची दुर्बीण.

विषय टाळताहेत, असं वाटलं. पुन्हा विचारलं, जरा धीटपणे. ते हसले आणि ड्युट्यांच्या रोटाबद्दल सांगू लागले. आता मला रागच आला. चहा गार होत होता म्हणून मास्क खाली घेतला, एक घोट घेतला आणि तसंच तिसऱ्यांदा विचारलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘अच्छा, ते होय,’ म्हणाले. आणि गप्प झाले.

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशन थिएटरमध्ये रोज मास्कमधून बोलते, तरी हे माझ्या ध्यानात यायला तीन प्रश्न लागले.

मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. २०२०च्या वसंतात सगळ्यांनी मास्क लावले आणि अचानक अख्खा वॉर्ड पुटपुटायला लागला. आपण किती वर्षं ओठ वाचत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. रुग्णांशी बोलताना ते जवळ, समोरासमोर बसत. राउंडवर सिस्टर मागून बोलायची.

‘आणि छाती?’ मी विचारलं. फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुप्फुस घट्ट होत जातं त्या आजारात, श्वास घेताना बारीक आवाज येतो, वेल्क्रोची पट्टी उघडल्यासारखा. तो ओळखायला मला यांनीच शिकवलं होतं, एका म्हाताऱ्या खाणकामगाराच्या पाठीवर. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडतात, आणि हा त्यातलाच.

‘दोन वर्षांत ऐकू आलेला नाही,’ ते म्हणाले. ‘हाताखालच्या रजिस्ट्रार डॉक्टरला आधी ऐकायला सांगतो, शंका असली की सीटी स्कॅन. पण तेच पुरेसं आहे, असं मी माझ्या तोंडाने कसं सांगू?’

अप्रेझरला शिकवलेलं असतं: रुग्णांना धोका दिसला तर अप्रेझल तिथेच थांबवायचं आणि वर कळवायचं. हा धोका होता का? निदान चुकल्याचं एकही उदाहरण समोर नव्हतं, पण नसल्याचा पुरावाही नव्हता. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘सर, हे माझ्या एकटीने ठरवायचं नाही.’

‘मीही तेच म्हणणार होतो,’ ते म्हणाले.

रिस्पॉन्सिबल ऑफिसरला आम्ही त्याच खोलीतून फोन केला, स्पीकरवर. पलीकडच्या बाई काय म्हणत होत्या, ते मला मध्येमध्ये मास्क खाली करून सरांना सांगावं लागलं. कर्मचाऱ्यांची प्रकृती बघणारा ऑक्युपेशनल हेल्थ विभाग, कानाची तपासणी, आधीच्या काही केसेस दुसऱ्या कन्सल्टंटने पुन्हा बघायच्या, आणि तोवर एकट्याने ओपीडी नाही.

केसेसमध्ये काही निघालं नाही. सरांना दोन्ही कानांना यंत्रं आली, शिवाय आवाज मोठा करणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप. अप्रेझल आम्ही नंतर पूर्ण केलं, शिफारस गेली, रिव्हॅलिडेशन झालं. अभिप्राय लिहिणारे ते तिघे कोण, हे आम्हाला कधीच कळणार नव्हतं. पण सरांनी राउंडच्या सुरुवातीलाच सगळ्यांना आपले कान दाखवायला सुरुवात केली, म्हणजे त्यांच्यापर्यंतही ते पोचलं असावं.

प्रकृतीच्या पानावर आता तो चौकोन नाही. चार ओळींची मोकळी जागा आहे, आणि ती रिकामी सोडली तर फॉर्म पुढे सरकत नाही. यावरून समितीत माझं दोघांशी वाजलं.

पुढच्या वर्षी सरांची फाइल पुन्हा माझ्याकडे आली. त्या चार ओळी त्यांनी भरल्या होत्या. कानाच्या तपासणीचा आलेख मात्र तिथे नव्हता. तो त्यांनी ‘कामाचा दर्जा सुधारण्यासाठी काय केलं’ या रकान्यात जोडला होता. नियमाने तो प्रकृतीच्या पानावर हलवायला हवा होता. मी राहू दिला.