स्टॅबिलायझर कोणता घेऊ?

वायरिंगची कामं करतो म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, अगदी उधारी मागायला दुकानात गेलो तरी एक प्रश्न ठरलेला. गीझर लावला की दिवे मंद होतात, मिक्सर दमतो, फ्रिज नुसता घुमतो. घरात व्होल्टेजच येत नाही, तर स्टॅबिलायझर कोणता घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आत्ता कुठलाच घेऊ नका. व्होल्टेज मुळात येतच नाही, की येऊन वाटेत कुठे मुरतंय, ते आधी बघू.

आपली घरगुती वीज 230 व्होल्टची. त्यात सहा टक्के खालीवर चालतं, म्हणजे मीटरपाशी साधारण 216 ते 244. तिथून पुढे वायरीत थोडं पडणारच, पण किती? मेनपासून बाथरूम 15 मीटरवर आहे आणि 2.5 स्क्वेअरची (म्हणजे 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर टाकलीय असं धरा. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून 30 मीटर. या वायरीचा रोध किलोमीटरला आठ ओहमच्या आसपास, म्हणजे आपल्या 30 मीटरला पाव ओहमसुद्धा भरत नाही. दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आतच घेतो. गुणाकार केलात तर दोन व्होल्ट होतात. कंत्राटदाराने पैसे वाचवायला 1 स्क्वेअरची वायर घातली असती तरी पाच-सहाच्या वर गेले नसते. त्यामुळे 25-30 व्होल्ट गायब आहेत असं कुणी म्हटलं की ‘वायर बारीक असेल’ हे माझ्या गळी उतरत नाही. मला वायरींचे जोड आठवतात.

आणि जोड टेस्टरने सापडत नाही. ‘टेस्टर लागतोय की!’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसता हसतो. टेस्टरचा दिवा पेटायला इतका क्षुल्लक करंट लागतो की सडक्यातला सडका जोडही तो सहज पुरवतो. मल्टिमीटरचंही तसंच. सगळं बंद ठेवून मोजलंत तर खराब पॉइंटवरही तो 230 दाखवेल, आणि तुम्ही म्हणाल, इथे तर काहीच बिघडलेलं नाही. जोडातून भरपूर करंट वाहायला लागल्याशिवाय त्याचं पितळ उघडं पडत नाही. म्हणून गीझर चालू ठेवून मोजायचं. (हे उघड्या बोर्डात, चालू लाइनवर करायचं काम आहे. परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.) एलईडी बल्बांवरही भिस्त ठेवू नका. त्यांतले बरेच कमी व्होल्टेजवरही जवळजवळ तेवढेच उजळतात. माझ्या पिशवीत अजून जुना शंभराचा पिवळा बल्ब असतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की त्याचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. असा चुगलखोर दुसरा मिळणार नाही.

आमच्या चिपळुणात या दुखण्याला आणखी एक कारण आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. पुढे लोकांनी स्विचेस बदलले, बोर्ड पुसून वाळवले, भिंती रंगवल्या. पण भिंतीआड आणि बोर्डांमागे वायरींचे जे जोड होते ते बऱ्याच ठिकाणी तसेच राहिले, आत गाळ आणि ओल धरून.

अशाच एका घरातून काकूंचा फोन आला. “भाऊ, श्रावण चालू आहे आणि आमच्या स्वयंपाकघरात मासळीचा वास येतोय. कुणाला सांगायची सोय नाही.” दिवे मंद होतात ही तक्रार त्यांनी मागाहून, जाता जाता सांगितली. मला मात्र वासावरूनच अंदाज आला. स्विच-सॉकेटचं प्लास्टिक, बॅकेलाइट तापून करपायला लागलं की पुष्कळदा असाच खराब मासळीसारखा वास येतो.

गीझर लावून मोजलं. मेन बोर्डात 226, गीझरच्या पॉइंटवर 201. पंचवीस व्होल्ट वाटेत. आता करंट आणणाऱ्या फेजमध्ये की परत नेणाऱ्या न्यूट्रलमध्ये? मेनच्या न्यूट्रल पट्टीला एक लांब वायर बांधली, तिचं दुसरं टोक मल्टिमीटरला लावलं आणि न्यूट्रलच्या वाटेवर बोर्डामागून बोर्ड तपासत निघालो. चांगल्या वायरीत हा आकडा एक-दीड व्होल्टपुढे जाऊ नये. पॅसेजच्या बोर्डात पाच. स्वयंपाकघराच्या बोर्डात एका जोडाच्या अलीकडे आठ आणि पलीकडे अठरा! बोटभर अंतरात दहा व्होल्ट.

मेन बंद करून तो जोड बाहेर ओढला. दोन वायरी हाताने पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप कडक होऊन पापडासारखी मोडली, आत तांब्यावर हिरवी भुकटी, दोन्ही बाजूंचं इन्सुलेशन चॉकलेटी पडून ठिसूळ झालेलं. दहा व्होल्ट गुणिले साडेसात अँपिअर, म्हणजे पाऊणशे वॅट. साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. तशा तीन आयर्नची उष्णता त्या बोर्डामागे, आणि बिल काकूंच्या नावे.

गीझर बसवणाऱ्याने फेज मेनपासून नवा ओढला होता, न्यूट्रल मात्र जवळच्या दिव्यांच्या बोर्डातून उचलला होता. वायर वाचते, वेळ वाचतो, म्हणून सर्रास करतात. मला या एका सवयीचा जितका राग येतो तितका बारीक वायरीचाही येत नाही. गीझरला मेनपासून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही स्वतंत्र, मध्ये एकही जोड नाही, असं टाकून दिलं.

एमसीबी का पडला नाही, असं काकांनी विचारलं. तो पडतो करंट वाढल्यावर. इथे तर जोडाच्या अडथळ्याने गीझरचा करंट उलट कमी झाला होता. त्याच्या लेखी सगळं आलबेल.

आता अशा घरात स्टॅबिलायझर लावला असता तर? त्याने 201 चे 230 करून दिले असते, पण त्यासाठी मागून जास्त करंट खेचला असता. साडेसातच्या जागी दहाच्या आसपास. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. दिवे अजून मंद झाले असते आणि बोर्ड लवकर पेटला असता.

न्यूट्रल गेलाय म्हणून अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडून देणारे महाभाग आहेत. त्यांना घरात घेऊ नका. दिवे लागतात खरे, पण ते अर्थिंग कुठे कमजोर असेल तर फ्रिजच्या, गीझरच्या पत्र्यावर करंट येतो. आणि तीन फेजच्या घरात एका खोलीतला दिवा मंद, दुसरीतला एकदम लख्ख असं दिसलं तर क्षणभरही थांबू नका, मेन पाडा. बाहेरचा न्यूट्रल सुटलेला असतो आणि एखाद्या फेजवर 230 च्या जागी साडेतीनशे-चारशेपर्यंत व्होल्टेज चढू शकतं.

घरातलं सगळं ठीक निघालं आणि फक्त तुमचा गीझर लावल्यावर मेनवरचाच आकडा धाडकन उतरला, शेजाऱ्याचा जागच्या जागी राहिला, तर दोष खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरीत. अॅल्युमिनियम आणि तांबं नुसतं एकमेकांना पिळलेलं असतं, कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात ते खातंच. तिथे हात घालू नका, ते काम वीज कंपनीचं. तक्रारीत ‘व्होल्टेज कमी येतं’ एवढंच लिहू नका. लोड बंद असतानाचा आकडा, चालू असतानाचा आकडा आणि शेजारच्यांचा आकडा, असे तिन्ही लिहा.

शेजाऱ्याचंही उतरत असेल, घरातलं सगळं बंद ठेवूनही मेनवर संध्याकाळभर 180-190 च मिळत असेल, गाव लाइनच्या शेवटाला असेल आणि डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) पंपांचा भार असेल, तर कंपनीकडे पाठपुरावा चालू ठेवा आणि तोवर स्टॅबिलायझर जरूर घ्या. पण तो फ्रिजला लावा, कारण कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर उठत नाही, घुमत राहतो आणि वाइंडिंग जळतं. गीझरला लावू नका. त्याचं पाणी उशिरा तापेल, एवढंच.