तुम्ही विचारलंत म्हणून: पोह्यांबरोबर जलेबी का नाही

"काका, इंदूरचे असून जलेबी नाही?" सकाळी फिरून आल्यावर आमचा ग्रुप पोहे खायला थांबतो तेव्हा कोणीतरी नवीन माणूस हे विचारतोच, आणि मी आपला "नको हो" म्हणून सेव आणि जीरावण (आमचा इंदुरी मसाला) घातलेले पोहे खात बसतो, मग लोकांना वाटतं शुगर असणार. शुगर नाहीये. 1982 साली माझं ड्युओडेनल अल्सरचं, म्हणजे जठराला लागून असलेल्या छोट्या आतड्याच्या सुरुवातीला झालेल्या जखमेचं, ऑपरेशन झालं, त्याचं हे शेपूट आहे.

आजच्या पोरांना पटतच नाही की ॲसिडिटीसारख्या गोष्टीसाठी पोट फाडायचे. मला रात्री दोन-अडीचला पोटात कुरतडल्यासारखं व्हायचं, उठून दूध-बिस्किट खाल्लं की थांबायचं, रिकाम्या पोटी दुखणं ही या अल्सरची खूणच. घरात सगळ्यांचं एकमत होतं, मिरची आणि टेन्शन. आई माझ्या ताटातून लोणच्याची फोडसुद्धा उचलून न्यायची. अशी चार वर्षं काढली, मग उलट्या सुरू झाल्या आणि त्यात आदल्या दिवशीची भाजी ओळखू यायला लागली (जेवताना वाचत असाल तर माफ करा). बेरियम पाजून एक्सरे काढले. अल्सर भरायचा, परत व्हायचा, असं होऊन होऊन ती जागा आकसली होती आणि जठरातून पुढे जायची वाटच जवळजवळ बंद.

सर्जन भला माणूस, केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. मेंदूकडून जठराला ॲसिड सोडायला सांगणारी व्हेगस नावाची नस असते, ती कापायची. पण ती मुळातून कापली की जठर सुस्त होतं, अन्न पुढे ढकलत नाही, म्हणून मग एकतर खालचं दार रुंद करायचं, नाहीतर जठराला छोटं आतडं जोडून नवीन दार पाडायचं. दुसरा रस्ता, नस कापून जठराचा खालचा भागही काढून टाकायचा, त्यात अल्सर परत यायचं प्रमाण शंभरात एखादं, पण ऑपरेशन मोठं आणि धोकाही जास्त. तिसरा म्हणजे नसेच्या फक्त ॲसिडवाल्या फांद्या कापायच्या, त्रास सगळ्यात कमी, पण शंभरात दहा किंवा जास्तच जणांना अल्सर परत, आणि माझी वाटच बंद असल्यामुळे तो माझ्या कामाचाही नव्हता. माझं झालं ते ट्रंकल व्हेगोटॉमी आणि गॅस्ट्रोजेजुनोस्टॉमी, म्हणजे नस मुळातून कापून जठराला छोटं आतडं जोडायचं, डॉक्टर लोक त्याला टीव्ही-जीजे म्हणतात. त्या वर्षी एशियाडमुळे सगळीकडे कलर टीव्हीची हवा, आमच्याकडे टीव्ही आला तो थेट माझ्या पोटात.

अल्सर गेला, कायमचा. उलट्या गेल्या, वजन वाढलं. पण नवीन दाराला फाटक नाही ना. गोड खाल्लं की ते सरळ आतड्यात उतरतं आणि तिथे पाणी खेचून घेतं, मग पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि पळा. याला डम्पिंग म्हणतात. कधी दीड-दोन तासांनी उलटा प्रकार, इन्सुलिन जास्त सुटून साखर खाली जाते आणि हातपाय कापतात. भाचीच्या लग्नात मोह झाला म्हणून बासुंदीच्या दोन वाट्या घेतल्या, तर सप्तपदी चालू आणि मामा आतल्या खोलीत पंख्याखाली आडवा! म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा खातो, जेवताना पाणी नाही, चहा पोह्यांनंतर अर्ध्या तासाने. आणि दरवर्षी हिमोग्लोबिन, बी-12 तपासायचं, कारण लोह जिथे जास्त शोषलं जातं तो भागच आता वळसा घालून बाजूला राहिलाय.

गंमत बघा, त्याच 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांच्या लॅबमध्ये जंतू वाढवायची एक प्लेट नेहमीपेक्षा जास्त दिवस राहून गेली आणि तिच्यात जंतू वाढलेला दिसला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. बहुतेक अल्सर त्याच्यामुळे, नाहीतर पेनकिलरमुळे. मिरची बिचारी उगाच बदनाम. पुढे मार्शलने तो जंतू स्वतः पिऊन दाखवला, 2005 ला दोघांना नोबेल मिळालं.

मग पुढचा प्रश्न येतोच, पस्तावा होतो का? नाही होत. तेव्हा हा जंतू कोणाला माहीत होता? आणि वाट इतकी आकसली तर आजही आधी एंडोस्कोपीतून फुगा घालून रुंद करून बघतात, नाही जमलं तर ऑपरेशन आहेच. अल्सर फुटला तर आजही पोटातल्या चरबीच्या पडद्याचं ठिगळ लावतात. फक्त नस कापायची वेळ आता क्वचितच येते.

माझ्या पुतण्याला तोच अल्सर निघाला. एंडोस्कोपी, जंतूची टेस्ट, चौदा दिवस अँटिबायोटिक आणि ॲसिडची गोळी, नंतर परत टेस्ट, निगेटिव्ह. रविवारी येतो आणि माझ्या वाटणीची जलेबीपण तोच खातो.