जशास तसे आणि लॅग: बॉटांच्या जगाचा तिसरा टप्पा

माझ्या खेळाच्या जगात बॉट, म्हणजे प्रोग्रामने चालणारी पात्रं, राहतात. मागच्या टप्प्यात ते नुसते हिंडत होते. आता त्यांना व्यवहार करायला लावलाय. दोघांची संमती घेऊन अदलाबदल करून देणारी ट्रेड विंडो मुद्दाम दिलेली नाही. दोघांनी एकाच क्षणी वस्तू जमिनीवर ठेवायची आणि समोरच्याची उचलायची. दोघांनी ठेवली तर प्रत्येकी 3 गुण, दोघांनी हात आखडला तर 1. एकानेच ठेवली तर त्याला 0 आणि उचलून पळणाऱ्याला 5. म्हणजे आपला नेहमीचा प्रिझनर्स डिलेमा (एकेकट्याला फसवणं फायद्याचं, पण दोघांनी फसवलं तर दोघांचाही तोटा, असा पेच), प्रत्येक जोडीला 200 फेऱ्या.

सगळ्यांना आधी 'जशास तसे' दिलं: पहिल्या भेटीत विश्वास, पुढे समोरचा वागला तसं. याच पेचासाठी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणकावर चालींच्या दोन स्पर्धा घेतल्या; त्या दोन्हींत अनातोल रॅपपोर्ट यांची हीच चाल जिंकली, म्हणून मी निर्धास्त होते. लॅग, म्हणजे नेटवर्कचा अडथळा, नव्हता तोवर सगळे गुण्यागोविंदाने नांदले.

मग 2 टक्के लॅग घातला. ठेवलेली वस्तू शंभरात दोनदा सर्व्हरला पोचतच नाही. बाजार बसला! पुस्तकी गणितानुसार अशा चुकांमध्ये फेरीमागे गुणांची सरासरी 2.25 वर स्थिरावते. माझी घसरत 1 कडे निघाली. दोन रात्री बग शोधला. बग नव्हताच. त्या गणितात चुका दोन्ही बाजूंनी होतात, कधी लबाडाच्या हातूनही वस्तू ठेवली जाते. लॅगमुळे मात्र प्रामाणिक बॉट चोर दिसतो, चोर कधीच साव दिसत नाही. कागदावर मांडलं: सरासरी 25व्या फेरीला पहिली वस्तू हरवते, मग दोघं आळीपाळीने सूड घेतात. आणखी 50 फेऱ्यांनी त्या आळीपाळीत ठेवलेलीही एक वस्तू हरवली की दोघं कायमचे रुसतात. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, जोडीमागून जोडी तशीच रुसलेली.

उतारा नोवाक आणि सिग्मुंड या गणिती जीवशास्त्रज्ञांच्या 1992च्या कामात सापडला: फसवणूक झाली तरी अधूनमधून माफ करा. माझ्या 5-3-1-0 या गुणपद्धतीत तीनात एकदा माफी चालते. हात त्याहून सैल सोडला की फसवणं परवडू लागतं. आता 94 टक्के वेळा वस्तू जमिनीवर पडतेय.

पण एक बॉट नाव बदलायला शिकला (शिकवलं मीच). पहिल्या भेटीत 5 खिशात, लगेच नवा अवतार, पुन्हा कोरी पाटी. काल नव्या नावाला पहिल्या फेरीत काहीच द्यायचं नाही असा नियम लावला. त्याची चैन संपली, पण खरोखरचे नवखेही आता आल्याआल्या 0 घेऊन उभे राहतात. पुढच्या खेपेला हा नवखेपणाचा शिक्का किती भेटींनी पुसायचा ते बघते.